दान वेदीपाशीच राहू द्या

महाराष्ट्रातील मराठी मंडळ्यांचे पाळक, पंच आणि विश्वस्त यांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी आणि विश्वस्तहो,



राखेच्या बुधवारापासून तुमच्याकडे लेंटचा चाळीस दिवसांचा कार्यक्रम सुरू होईल. घरोघरी प्रार्थनासभा होतील, उपास होतील, साखळी प्रार्थनेसाठी वहीत नावे लिहिली जातील. उत्तम शुक्रवारी तीन तासांची उपासना होईल आणि क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतील. हे सगळे मनापासून होते हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणूनच हे पत्र त्या दिवसांच्या आधी तुमच्या हाती पडावे अशी इच्छा आहे. आपण देवाच्या पुष्कळ आज्ञा पाळतो, पण एक आज्ञा आपण मराठी मंडळ्यांनी जवळजवळ ठरवून बाजूला ठेवली आहे. भावाशी बिनसले असेल तर दान वेदीपाशी ठेवून आधी त्याच्याकडे जा, समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर, असे प्रभूने डोंगरावरच्या प्रवचनात सांगितले. आपण दान अर्पण करून थेट वकिलाकडे जातो.

हे कसे घडते ते तुम्हाला सांगायला नको, पण मंडळीतल्या तरुण मुलांना ते कोणी समजावून सांगत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. मंडळीची निवडणूक होते. हरलेला गट म्हणतो, मतदारयादी खोटी, सभेची नोटीस मिळालीच नाही. जिंकलेला गट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचा अहवाल, दाखल करतो. त्यावर हरकत येते आणि तारखा पडू लागतात. निकाल लागेपर्यंत पुढच्या निवडणुकीची वेळ येते, मग तिचाही चेंज रिपोर्ट, तिच्यावरही हरकत. एका मंडळीला दोन सेक्रेटरी, दोन खजिनदार, दोन शिक्के, दोन पावतीपुस्तके. सही कोणाची चालवायची हे बँकेला कळत नाही, म्हणून खाते अडकते. पाळकाचा पगार थकतो, शाळेच्या छपराची दुरुस्ती राहून जाते. दाराला एकाच वेळी दोन गटांची दोन कुलपे लागलेले मंदिर मी पाहिले आहे. त्या रविवारी म्हातारी माणसे पायऱ्यांवर बसून स्तोत्र म्हणत होती. मंडळीचे नाव लिहीत नाही, कारण हे वाचणाऱ्या प्रत्येकाला ती आपलीच वाटेल.

पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायावर तुम्ही किती तरी उपदेश केले असतील. शौल राजाला अमालेकी लोकांविरुद्ध पाठवले होते आणि त्यांचे काहीच राखून ठेवायचे नाही अशी आज्ञा होती. ती आज्ञा स्वतःच आजच्या वाचकाला जड जाते. लेकरांसकट संहार करण्याची ती आज्ञा वाचताना माझा आवाज बसतो, आणि ती सोपी करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तरी त्या अध्यायातला शौल मला फार ओळखीचा वाटतो. निकामी, टाकाऊ जनावरे त्याने मारली आणि उत्तम मेंढरे, पुष्ट गुरे राखून ठेवली. अगाग राजालाही जिवंत ठेवले. मग तो कर्मेलास गेला आणि तिथे त्याने आपले स्मारक उभारले. शमुवेल भेटायला आला तेव्हा शौलानेच पुढे होऊन त्याला सांगितले की परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे. तो लबाडी करत होता असे मला वाटत नाही, त्याला ते खरेच वाटत होते. मागे मेंढरे ओरडत होती आणि त्याला ती ऐकू येत नव्हती. ऐकू आली तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होते. ही परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी ठेवली आहेत, आणि ठेवली ती लोकांनी.

आपली उत्तरेही तयार असतात. मिळकत देवाची आहे, म्हणून तिच्यासाठी लढतो. लोकांनी निवडून दिले आहे, म्हणून मागे हटता येत नाही. शौलाने शेवटी पाप कबूल केले तेव्हाही त्याची विनंती अशी होती की वडीलजनांसमोर माझा मान राख. अध्यायातले हे वाक्य आपण उपदेशात सहसा घेत नाही, पण आपल्या पंचांच्या सभा, पत्रिकांवरच्या नावांचा क्रम, व्यासपीठावरच्या खुर्च्या या सगळ्यांत तेच चालू असते.

यावर तुम्ही म्हणाल, आज्ञा पूर्ण कोण पाळतो? आपण सगळेच उणे पडतो, म्हणून तर कृपा. हे खरे आहे आणि त्याच आधारावर मी उभा आहे. पण उणे पडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि शास्त्र त्यांची सरमिसळ करत नाही. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारले. तो भ्याला, त्याची शक्ती संपली. कोंबडा आरवला तेव्हा तो बाहेर जाऊन रडला आणि आपण पाळले असे त्याने एकदाही म्हटले नाही. शौलाची शक्ती संपली नव्हती. त्याने हिशेब केला, काय द्यायचे आणि काय राखायचे हे ठरवले, आणि राखलेल्या भागाला यज्ञाचे नाव दिले. ज्याचा पाय घसरला त्याच्यासाठी कृपा तिथेच उभी असते. ज्याने आज्ञेतला महाग भाग काढून ठेवला आणि उरलेल्या भागावर समाधान मानले, त्याला कृपेची गरजच भासत नाही, आणि हीच त्याची अडचण. दित्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली शिष्यत्वावर पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या देशातल्या चर्चबद्दल त्याची हीच तक्रार होती. क्षमा स्वस्तात वाटली जात होती आणि प्रभूच्या मागे जाण्याचे कोणी मागत नव्हते. पुढे १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. त्याच्या तोंडी ती तक्रार शोभते.

आपल्या भांडणांच्या मुळाशी बहुतेक वेळा जमीन असते, म्हणून जमिनीबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

१८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झाले. हॉल १८२६ साली नाशिकच्या बाजूला प्रवासात असताना पटकीने गेले. १८३१ मध्ये मिशनचे काम अहमदनगरला पोचले आणि १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघाले. सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई १८२७ मध्ये आली, मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ साली अहमदनगरलाच वारली. त्या काळी गावाच्या कडेला घेतलेली माळराने आज शहरांच्या मध्यभागी आली आहेत. जिथे बोर्डिंगची मुले भाजी लावत होती तिथे समोरच्या रस्त्यावर आता मॉल आहेत आणि बिल्डर दर महिन्याला चौकशी करतो. पण या जमिनीवरचे मंदिर उभे राहिले ते केवळ परदेशातल्या पैशावर नव्हे. हंगामाच्या सणाला बाया डोक्यावर बाजरीची पाटी घेऊन येत. कोणी कोंबडी, कोणी अंडी, कोणी दुधी भोपळा आणी. त्याचा लिलाव होई, आणि आपलीच कोंबडी जास्त बोली लावून परत घेणारा माणूसही तिथे असे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर जी कुटुंबे मंडळीत आली त्यांच्या नातवंडांनी, पणतवंडांनी दिलेला हा पैसा आहे. तो आज वकिलांच्या फीमध्ये जातो आहे. कोणत्याही गटाकडे मी बोट दाखवत नाही, कारण दोन्ही गट त्याच दानपेटीतून खर्च करतात.

जमिनीच्या भांडणात विश्वासणाऱ्याने काय करावे हे शास्त्रात आडवळणाने सांगितलेले नाही. अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा झाला. अब्राहाम वयाने मोठा, मानाने मोठा, आणि देवाने तो देश देण्याचे वचन त्यालाच दिलेले. त्याने पुतण्याला म्हटले, तू आधी निवड. इसहाकाची गोष्ट त्याहून माझ्या आवडीची, कारण तिच्यात विहिरी आहेत आणि विहीर म्हणजे काय हे दुष्काळी भागातल्या माणसाला सांगावे लागत नाही. गरारच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी विहीर खणली, झरा लागला, आणि तिथल्या गुराख्यांनी पाणी आमचे म्हणून भांडण काढले. इसहाकाने विहीर सोडली आणि पुढे जाऊन दुसरी खणली. तिच्यावरूनही भांडण झाले. त्याने तीही सोडली. तिसरीवर कोणी भांडले नाही. विहीर खणायला किती दिवस लागतात, किती हात सोलतात, याचा विचार केला की दोन विहिरी सोडणे केवढे होते ते कळते. पुढे ज्या अबीमलेख राजाने त्याला निघून जायला सांगितले होते तोच चालत आला आणि म्हणाला, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे हे आम्हाला दिसले, आपण करार करू. इसहाकाने दावा जिंकून साक्ष दिली नव्हती.

गुजरातच्या ब्रदरन मंडळीचा वाद तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्या सहांत चर्च ऑफ द ब्रदरनही होते. ती मंडळी खरोखर विलीन झाली की नाही आणि तिची मिळकत कोणाची, यावरून खटले सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये पुन्हा निकाल दिला. एकीकरणापासून या दुसऱ्या निकालापर्यंत त्रेचाळीस वर्षे झाली होती. कायद्याने कोण बरोबर हे न्यायालयाने सांगितले आहे, त्यात मला काही म्हणायचे नाही. ब्रदरनांची परंपरा मला आठवते. तो युद्धात भाग न घेणारा, शांततावादी पंथ आहे. प्रभुभोजनाच्या वेळी ते एकमेकांचे पाय धुतात. भावाने अपराध केला तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी त्याला एकांतात गाठावे, ही शिस्त त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. असा वारसा असलेल्या मंडळीचे आणि एकीसाठीच जन्मलेल्या चर्चचे हे झाले, तर आपण बाकीच्यांनी स्वतःला सुरक्षित समजू नये.

आता पाळकसाहेब, विशेष करून तुमच्याशी बोलतो.

१६६२ च्या अँग्लिकन सामान्य प्रार्थनेच्या पुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीआधी पाळकासाठी काही सूचना छापलेल्या आहेत. ज्यांच्यात वैर आहे असे पाळकाला दिसते त्यांना समेट होईपर्यंत मेजाजवळ येऊ देऊ नये, असे त्यांत आहे. त्यापुढची सूचना अधिक बारकाईची आहे. एक जण मनापासून क्षमा करायला आणि आपली चूक भरून द्यायला तयार असेल आणि दुसरा हटून बसला असेल, तर तयार असलेल्याला घ्यावे आणि हटून बसलेल्याला थांबवावे. म्हणजे समोरचा ऐकत नाही या सबबीवर भांडण लांबत ठेवण्याची सोय त्या पुस्तकाने कोणालाच दिली नव्हती. त्याच्याही फार आधी, पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' या छोट्या ग्रंथात रविवारच्या भाकरीबद्दल हाच नियम आहे. तेव्हा ही माझ्या डोक्यातून निघालेली नवी कल्पना नव्हे, आपल्याच घरातला जुना नियम आहे. तो तुम्ही शेवटचा कधी वापरला? चोरून दारू पिणाऱ्या मजुराला, पळून लग्न केलेल्या मुलीला प्रभुभोजनापासून थांबवल्याचे मी पाहिले आहे. एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्र करून आलेले दोन विश्वस्त मात्र एकाच रांगेत गुडघे टेकतात आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. सात उद्गारांची वाटणी होते तेव्हा पहिला उद्गार, शत्रूंसाठी क्षमा मागण्याचा, कोणत्या गटाच्या वक्त्याला द्यायचा यावरूनही चर्चा होते. तुमचा पगार त्याच कमिटीच्या हाती आहे हे मला कळते. तुमच्या बदलीचा अर्जही त्याच टेबलावर असतो. तुमच्याकडे मागतो आहे ते सोपे नाही याची मला पूर्ण जाणीव आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात भावाभावांच्या खटल्यांबद्दल खडसावले आणि अन्याय सोसणे तुम्हाला का जमत नाही असे विचारले. हा अध्याय आपल्याकडे वापरला जातो, पण कसा, ते सांगताना मला दुःख होते. एखादी परिचारिका, एखादी शिक्षिका संस्थेतल्या माणसाविरुद्ध पोलिसांकडे जाऊ पाहते तेव्हा तिच्यासमोर हा अध्याय उघडला जातो. एखादा साधा सभासद हिशेब मागतो तेव्हा त्याला सांगितले जाते की विश्वासणाऱ्यांनी कोर्टात जाऊ नये. दुर्बळाला गप्प करायला आज्ञा आठवते आणि खुर्चीचा प्रश्न आला की विसरते. हे मला आज्ञाभंगाहून वाईट वाटते. पौलाने स्वतः फिलिप्पैत आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि फेस्तासमोर कैसराकडे दाद मागितली. गुन्हा झाला असेल, कोणाच्या शरीरावर हात पडला असेल, अनाथांच्या पैशाची अफरातफर झाली असेल, तर कायद्याकडे जाणे हे कर्तव्य आहे आणि मंडळीने त्या माणसाच्या मागे उभे राहावे. चोराला जमीन देऊन टाका असेही मी म्हणत नाही. मिळकत विकायची तर कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि ती लागावीच. माझे बोलणे वेगळ्या खटल्यांबद्दल आहे. सेक्रेटरी कोण, चावी कोणाकडे, सभा कायदेशीर की बेकायदेशीर, यावरून ज्यांच्या घरांत सोयरीक आहे अशी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना कठड्यात उभी करतात, त्या खटल्यांबद्दल.

आणखी एक गोष्ट लिहायलाच हवी, कारण तिच्याशिवाय ही भांडणे समजत नाहीत. पॅनेल कशी बनतात ते पाहा. कागदावर विकासाचे मुद्दे असतात आणि आतून बाप्तिस्म्याच्या आधीची जात, गाव, भावकी. लग्न जमवताना तेच. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधल्या काळात लक्ष्मीबाईंनी सोवळे सांभाळले, स्वयंपाकपाणी वेगळे ठेवले, आणि मग विचार करता करता जातिभेद त्यांच्या मनातून गेला, तो बाप्तिस्म्याच्या आधी. त्यांचे आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आपण अभिमानाने भेट देतो. त्या बाईने बाप्तिस्म्याआधी जे सोडले ते आपण चौथ्या पिढीत धरून आहोत आणि त्यावर निवडणुका लढवतो.

मग काय करावे? मला जे सुचते ते लिहितो, तुम्हाला अधिक चांगले सुचेल.

आधी कोणी जायचे यावर सगळे अडते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू त्या माणसाला पाठवतो ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे. अठराव्या अध्यायात तो त्याला पाठवतो ज्याच्याविरुद्ध अपराध झाला आहे. म्हणजे दोघांनाही निघायला सांगितले आहे, आणि दोघेही निघाले तर वाटेतच भेटतील. 'आधी त्यांनी यावे' याला शास्त्रात कुठे जागा आहे का ते मी शोधले, मला सापडली नाही.

येत्या लेंटमध्ये दोन्ही गटांच्या सेक्रेटरींनी एकदा, वकील आणि पाठीराखे यांना न घेता, एकमेकांच्या घरी चहाला जावे. पाळकाने हवे तर सोबत जावे, पण बोलू नये. त्यानंतर पुढच्या तारखेला दोघांनी आपापल्या वकिलाला तडजोडीची सूचना द्यावी. न्यायालयात दाखल असलेला दिवाणी दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते, त्यामुळे नातवंडांना तो दावा वारशात मिळत नाही. हरकत मागे घेणाऱ्याचे नाव उपासनेत उपकारस्तुतीच्या वेळी घ्यावे, जसे आपण दान देणाऱ्याचे घेतो. पुढच्या निवडणुकीची मतदारयादी दोन्ही गटांनी मिळून तयार करावी आणि दोन महिने मंदिराच्या दारावर लावून ठेवावी. आणि कृपा करून, ज्यांचे दावे चालू आहेत त्यांनी तोवर दानाची थाळी फिरवण्याचे काम दुसऱ्यांना द्यावे.

विश्वस्तहो, तुमच्याकडे एकच मागणी आहे. येत्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचताना 'कायदेशीर खर्च' ही ओळ 'इतर खर्चा'त मिसळू नका. गेल्या दहा वर्षांत मंडळीने वकिलांना, झेरॉक्सला, प्रवासाला, प्रतिज्ञापत्रांच्या स्टँपला किती दिले तो आकडा वेगळा काढा. त्याच्या शेजारी त्याच दहा वर्षांत विधवांच्या मदतीला, मुलांच्या शिष्यवृत्तीला किती दिले तो लिहा. दोन्ही आकडे उपासनेनंतर, बाया आणि मुले बसलेली असताना, मोठ्याने वाचा. मग मंडळीला विचारा की यापुढे दानपेटीतला पैसा खटल्यांवर खर्च करायला तिची संमती आहे का, आणि हात मोजा.

आपला,
मराठी मंडळीचा एक सभासद